मधला चेंडू

सर,

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली आणि तुम्हाला पत्र लिहायची बुद्धी मला आज होते आहे, तीही भर दुपारी, बबलमधल्या टेबलावर, समोर मुलींचं वॉर्मअप चालू असताना. बबल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. इथे हिवाळ्यात टेनिस कोर्टांवर एक भलामोठा पांढरा फुगा चढवतात आणि पंख्यानं त्यात हवा भरत राहतात. बाहेर बर्फ, आत आम्ही हाफपँटमध्ये. पंखा सारखा घोंघावत असतो, त्यामुळे इथे शिकवायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. आम्हा दोघांना त्याचा कधी त्रास झाला नाही, ओरडायची सवय तुम्हीच लावली होती. आता मी एकटाच ओरडतो. तुमचा डावखुरा, माझा जोडीदार, बोलत नाही सर. बर्फ पडायला लागला त्याच सुमारास त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. गुरुवारी हॉस्पिटलमध्ये मीटिंग आहे. त्याला यापुढे कुठे ठेवायचं ते तिथे ठरणार, आणि ठरवणारा मी आहे. मला काही म्हणता काही सुचत नाही. विचारणार कुणाला? तुमच्याशिवाय कुणी डोळ्यासमोर येत नाही, आणि तुमचा तर मला राग येतो आहे.

राग कशाचा ते सांगतो. सांगलीतली ती जिमखान्याची दोन मातीची कोर्टं आठवा. सकाळी पाणी मारून झालं की रोलर फिरवायचा. तो एकट्याला हलायचा नाही. तुम्ही आम्हा दोघांना त्याला जुंपलंत, कारण आम्ही दोघंही उशिरा यायचो. आमची जोडी जमली ती अशी, शिक्षा म्हणून. खेळून झालं की तुमच्या स्वयंपाकघरात काकू एकाच ताटात भडंग ओतायच्या. दोघांत एक ताट. मी शेंगदाणे वेचायला लागलो की तुम्ही हात धरायचात. "हात घालायच्या आधी बोल. विचार त्याला." शेंगदाण्यासाठी विचारायचं! तो बिलंदर लगेच म्हणायचा, "घे की, सगळे घे," आणि मग मला लाजेनं खाता यायचे नाहीत. काकू चहा गाळता गाळता हसायच्या. मी तेरा-चौदा वर्षांचा होतो आणि त्या ताटावरून मला तुमचा पहिल्यांदा संताप आला होता.

कोर्टावरही तुम्ही तेच केलंत. तो डावखुरा, मी उजवा. दुसरं कुणी असतं तर त्यानं त्याला डावीकडे उभं केलं असतं आणि मला उजवीकडे, म्हणजे ज्याचा त्याचा फोरहँड ज्याच्या त्याच्या बाहेरच्या बाजूला राहिला असता, भांडण नको. तुम्ही उलटं केलंत. मी डावीकडे, तो उजवीकडे, दोघांचेही जोराचे हात कोर्टाच्या मधोमध. मधून आलेला प्रत्येक चेंडू दोघांनाही मारावासा वाटणार. रॅकेटवर रॅकेट आपटायची. एकदा त्याची रॅकेट माझ्या भुवईवर बसली, ती खूण अजून आहे. रक्त बघून तुम्ही खुर्चीतून उठलातसुद्धा नाही. "मुक्यानं काय खेळताय रे? तोंड दिलंय की देवानं. बोल की!" मग तो नियम आला. ज्याला आधी दिसेल त्यानं हाक द्यायची, 'माझा' किंवा 'तुझा'. आणि हाक आली की विषय संपला. तुझा म्हटलं की तो तुझा, हात पोचो न पोचो, जायचंच. हाक चुकली की बरोबर होती ते नंतर, चहा पिताना. त्याला तुमचं हे "बोल की" फार आवडायचं. घसा खाकरून, मान तिरकी करून तो तुमची अशी हुबेहूब नक्कल करायचा की एकदा काकूच फसल्या आणि "आलात का?" म्हणत पदराला हात पुसत बाहेर आल्या.

आता औरंगाबाद. शालेय राज्य स्पर्धा, एकेरीची उपांत्य फेरी, आणि समोरासमोर आम्ही दोघं. मी आदल्या दिवसापासून हवेत होतो. त्याला कुठे मारायचं मला पक्कं ठाऊक होतं, माझ्याइतकं कुणालाच नव्हतं. सकाळी स्टेडियमच्या पायऱ्यांवर तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि म्हणालात, "तू नाव काढून घे."

"मीच का, सर?"

"तुला जिंकायचंय म्हणून."

"आणि त्याला नाही?"

"त्याला खेळायचंय. समोर उभा राहून एकदा त्याला हरवलंस की परत शेजारी उभा राहायचा नाहीस तू. मी ओळखतो तुला."

मी नाव काढून घेतलं. तो फायनल हरला. मी पायऱ्यांवर बसून होतो आणि मला त्याच्या हरण्याचा आनंदही होत नव्हता, दुःखही होत नव्हतं. त्यानंतरही तुम्ही आम्हाला नेटच्या दोन बाजूंना कधी उभं केलं नाहीत. सरावसुद्धा शेजारी उभं राहूनच करायचा, पलीकडे तुम्ही किंवा इतर पोरं. पुढे परदेशात पलीकडे कुणी नसलं तर आम्ही भिंत शोधायचो आणि दोघं तिच्यासमोर शेजारी शेजारी उभे राहायचो. लोक हसायचे. तुम्ही तिकडे सांगलीत बसलेले असायचात आणि आम्ही मोठे बाप्ये तुमचा नियम पाळायचो. सर, मी एकेरीत काही केलं असतं का? कदाचित नसतं. पण ते बघायची संधी तुम्ही मला दिली नाहीत, आणि ही गोष्ट मी इतकी वर्षं जपून ठेवली आहे. आज तर ती जास्तच टोचते. तुम्ही मला अर्धंच घडवलंत. उरलेला अर्धा आज हॉस्पिटलच्या खाटेवर आहे, आणि माझं काय करायचं ते तुम्ही शिकवलं नाहीत.

परदेशी निघताना तुम्ही आम्हाला एक जाडजूड सोलापुरी चादर दिलीत. मी विचारलं, "दोघांत एकच?" तुम्ही म्हणालात, "भांडा." त्या चादरीवरून आम्ही किती भांडलो त्याला गणती नाही. दुहेरी खेळणाऱ्यांचं आयुष्य तुम्ही पाहिलं नाहीत, सांगतो. एकेरीवाल्यांचे फोटो काढणारी माणसं निघून गेली की आमची मॅच लागायची, मागच्या कोर्टावर, बघायला कुणीतरी एक बाई आणि तिचा कुत्रा. एक खोली, एक टॅक्सी, एक पिझ्झा. कॅनडात पहिल्यांदा आलो ते अशाच लहान लहान स्पर्धांसाठी. सस्कॅचेवानमध्ये भर रस्त्यात आमच्या जुन्या गाडीचा हीटर बंद पडला तेव्हा दोघं तुमची चादर गुंडाळून बसलो होतो, एकाच्या हातात स्टिअरिंग आणि दुसरा काच पुसतोय. एका मोठ्या कोचनं सांगितलं, तुम्ही बाजू बदला, खूप पुढे जाल. बदलल्या. मधल्या चेंडूचं भांडणच मिटलं, त्यामुळे हाक द्यायचं कारण उरलं नाही. आम्ही गप्प झालो आणि हरत सुटलो. शेवटी त्यानंच रॅकेट आपटली आणि तुमच्या आवाजात म्हणाला, "मुक्यानं काय खेळताय रे?" परत आपापल्या जागी आलो. पुढच्या वर्षी आम्ही मोठ्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत होतो.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही मॉन्ट्रियलला होतो. काकूंशी तोच बोलला, माझ्यानं बोलवेना. दुसऱ्या दिवशी मॅच होती. तो प्रत्येक चेंडूला हाक देत होता, माझा, माझा, तुझा, कुणाचाही संबंध नसलेल्या चेंडूलासुद्धा, आणि सगळ्या हाका तुमच्या आवाजात. अंपायरनं त्याच्या त्या फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत दोनदा ताकीद दिली. मी त्याला गप्प राहा म्हटलं नाही. सर, तो तुमचं श्राद्ध घालत होता आणि मी शेजारी उभा होतो.

मग माझा गुडघा गेला. त्याचा नाही, माझा. त्याच्यामागे चांगले चांगले खेळाडू लागले होते, आमच्याबरोबर खेळ म्हणून. तो अजून चार-पाच वर्षं सहज खेळला असता. मी म्हटलं, जा. तो म्हणाला, "आता दुसऱ्याला माझा-तुझा शिकवत बसू काय, लेका?" आणि माझ्याबरोबर इथे कॅनडात, रिचमंड हिलच्या बबलमध्ये कोच म्हणून आला. राहायला आम्ही दोघंही स्कारबरोत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. त्यानं लग्न केलं नाही. माझ्या बायकोनं स्थळं आणली, त्यानं ती सगळी चहा पाजून परत पाठवली. आणि पोरांना त्यानं काय शिकवलं असेल? चिनी पोरं, इराणी पोरं, तमिळ पोरं, सगळी दुहेरीत 'माझा!' 'तुझा!' करत ओरडतात. एका मुलीची आई मला विचारायला आली होती, "कोच, हे 'तुझा' कुठलं टेक्निक आहे?" तुम्ही असतात तर खुर्चीतून पडला असतात.

तो दिवस. मी या कोर्टावर होतो, तो पलीकडच्या. तो टोपलीतून चेंडू काढून मुलांना देत होता. मुलं हसायला लागली. एक मुलगा मला ओरडून म्हणाला, "कोच, ही इज स्पीकिंग युअर लँग्वेज!" मी कान दिला. ती मराठी नव्हती, सर. कुठलीच भाषा नव्हती. आवाज त्याचा, चढउतार त्याचे, आणि शब्द एकही नाही. त्यालाही ते कळत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी कुणाला सांगू शकत नाही, आणि मग तो खाली बसला.

हॉस्पिटलमध्ये विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, भाऊ. आडनावं वेगळी बघून नर्सनं भुवई वर केली पण आत सोडलं. मागे वकिलाकडे जाऊन आम्ही थट्टेथट्टेत एकमेकांची नावं घातली होती, वेळ आली तर निर्णय यानं घ्यायचा म्हणून. वेळ आली. आता रोज शिकवणी संपली की मी तिथे जातो. एक तरुण स्पीच थेरपिस्ट आहे, भली मुलगी, कधी आवाज चढवत नाही. ती त्याला चित्रं दाखवते. कप. चावी. कुत्रा. तो चित्राकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. तिच्या सांगण्यावरून मी मराठीतूनही विचारतो, हे काय आहे? कप हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. चेंडूचं चित्र दाखवलं तेव्हा मला वाटलं आता बोलेल. नाही बोलला. त्यानं डोळे मिटून घेतले. नर्सनी सांगितलंय की त्याच्या लुळ्या बाजूला बसा, म्हणजे त्याचं लक्ष तिकडे जाईल. म्हणून मी उजवीकडे बसतो, नाहीतर समोर. समोर बसून मी त्याला म्हणतो, बोल की. बोल की, लेका. दिवसातून किती वेळा म्हणत असेन. मग खाली येऊन पार्किंगमध्ये गाडीत बसतो आणि पोरासारखा रडतो.

डॉक्टर म्हणतात, प्रगती थांबली आहे, आणि प्रगती नसेल तर रिहॅबची खाट फार दिवस ठेवता येत नाही. वाटा दोन. एक म्हणजे नर्सिंग होम, तेही जिथे जागा मिळेल तिथे, म्हणजे बहुधा गाडीनं तीन तास लांब. दुसरी, घरी कुणी नेणार असेल तर घर. त्याच्या बहिणीला मिरजेला फोन केला. ती नुसती रडली आणि म्हणाली, "दादा, तुम्हीच काय ते ठरवा. आमच्यापेक्षा तुम्हीच त्याचे." बायकोशी बोललो. ती वाईट नाही सर, तिनं त्याला वर्षानुवर्षं जेवू घातलंय. ती म्हणाली, "हे बघ, जरा प्रॅक्टिकल विचार कर. बेसमेंटला जिना आहे, व्हीलचेअर जाणार कशी? तू सकाळी सहाला बाहेर, मी ऑफिसला. त्याला वॉशरूमला कोण नेणार? पडला तर? मी नाही म्हणत नाहीये. फक्त सांग, कसं मॅनेज करायचं?" तिचं म्हणणं बरोबर आहे. पण तीन तास लांबच्या त्या खोलीत त्याला कुणी 'जेवलास का' म्हणून विचारणार नाही. आधीच शब्द गेलेत, तिथे तर ऐकायलाही मिळणार नाहीत. गुरुवारी मी काय बोलू? मी नाव काढून घेऊ का परत? सांगा ना. तुम्हाला तर सगळं कळायचं.

*

इथवर लिहून कागद बॅगेत टाकले होते. आज शुक्रवार आहे. मधल्या दिवसांत जे झालं ते लिहितो, नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

मंगळवारी गेलो तेव्हा त्याला खुर्चीत बसवलं होतं. उजवीकडे कुणीतरी वॉकर आणि ऑक्सिजनचं काहीतरी लावून ठेवलं होतं, तिकडे जागाच नव्हती. समोर थेरपिस्ट बसणार. उरली डावी बाजू. मी खुर्ची ओढली आणि त्याच्या डावीकडे बसलो. बसल्याबरोबर मला काहीतरी ओळखीचं वाटलं, पण काय ते लक्षात आलं नाही. दोघांचीही तोंडं एकाच दिशेला, माझा उजवा हात आणि त्याचा डावा हात मधे, खुर्चीच्या हातांवर शेजारी शेजारी. थेरपिस्ट आली. चित्रं काढण्याआधी ती रोज एक स्पंजचा चेंडू त्याच्या चांगल्या हाताकडे टाकते आणि तो पकडतो, तेवढंच त्याला बरं वाटतं म्हणून. तिनं टाकला. पकडला. परत टाकला. पकडला. तिसऱ्यांदा तिचा हात चुकला आणि चेंडू आमच्या दोघांच्या मधे आला.

"तुझा!"

खणखणीत. बबलमधला आवाज. शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून उठले. चेंडू माझ्या हातावर आपटला आणि पलंगाखाली गेला. मी हललोच नाही. तो माझ्याकडे वळला आणि सर, त्याच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता. चिडला होता. सोपा चेंडू सोडला म्हणून तो चिडायचा ना, तसाच, नाक फेंदारून. "तुझा," तो पुन्हा म्हणाला, पलंगाखाली बोट दाखवून. "तुझा, तुझा." मी गुडघ्यावर रांगत पलंगाखाली गेलो आणि तिथेच बराच वेळ थांबलो, कारण मला बाहेर येता येईना. वरून थेरपिस्ट विचारत होती, काय म्हणाला तो? काय म्हणाला? मी खालूनच सांगितलं, तो म्हणतोय की तो माझा होता.

मग मी पलंगाखालचा चेंडू हातात घेऊन बसलो आणि मला एकेक कळत गेलं. इतके दिवस मी त्याच्यासमोर बसत होतो. आम्ही जन्मात कधी समोरासमोर खेळलो नव्हतो. समोर बसून कप दाखवणारा, चेंडू दाखवणारा, बोल की म्हणणारा तो माणूस त्याच्या ओळखीचाच नव्हता. नाहीतर बसत होतो त्याच्या उजवीकडे, जिथे मी उभा राहिलो ते फक्त बाजू बदलल्या तेव्हा, आणि तेव्हा तर आम्ही मुकेच झालो होतो. तुम्ही आम्हाला जिथे उभं केलं होतं तिथे मी पहिल्यांदा बसलो आणि मधून चेंडू आला. औरंगाबादला तुमचं चुकलं असं मला अजूनही वाटतं. तरी मंगळवारी मला पायऱ्यांवरचे तुम्ही आठवलात आणि मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या द्यायला गेलो, तर शिव्या आल्या नाहीत.

थेरपिस्टनं मला नीट समजावलं. असं होतं म्हणाली, वर्षानुवर्षं आपोआप तोंडातून निघणारा शब्द कधी कधी वाचतो. त्यावरून बाकीचं बोलणं येईलच असं नाही. ती एकही खोटं आश्वासन देईना आणि मी ते मागत राहिलो. तासभर आम्ही चेंडू टाकत होतो. पुढे तो काही बोलला नाही, दमला होता.

गुरुवारी मीटिंगला डॉक्टर, सोशल वर्कर, थेरपिस्ट आणि मी. सगळे एका टेबलाभोवती, समोरासमोर. सोशल वर्करनं विचारलं, तुम्ही काय ठरवलंत? मला तुमचा नियम आठवला. हाक आली की विषय संपला. हात पोचेल की नाही हे बघायचं नसतं. मी म्हटलं, घरी नेतो. तिनं विचारलं, घरी सोय आहे का? मी म्हटलं, नाही, करतो. संध्याकाळी घरी आलो, हे बायकोला कसं सांगायचं याचा विचार करत. तर ट्रेडमिल आणि सोफा गराजमध्ये गेलेले आणि ती समोरच्या खोलीत टेप घेऊन दाराची रुंदी मोजत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रॅम्प लागेल. आणि सकाळी दोन तास सरकारी मदत मिळते, त्यासाठी मी अप्लाय केलं आहे. दुपारचं बघू." मग टेप गुंडाळत म्हणाली, "मंगळवारी तुझं तोंड बघूनच कळलं होतं मला." मी तिच्या हातातली टेप घेऊन दार परत मोजलं. मलाही बोलता येत नाही, सर, कोर्टाबाहेर.

खाट लागली आहे. उजवी बाजू भिंतीला, म्हणजे माझी खुर्ची डावीकडेच राहील. पायथ्याशी तुमची चादर आहे, पार विरली आहे, आता तिच्यावरून भांडण्यासारखं काही उरलेलं नाही. सोमवारी तो येतोय. मला भीती वाटते. तो पडेल म्हणून वाटते, माझी नोकरी जाईल म्हणून वाटते, बायको थकेल म्हणून वाटते. सगळ्यात जास्त भीती या गोष्टीची वाटते की तो एकच शब्द बोलत राहील, किंवा तोही बोलणार नाही, आणि मी चेंडू टाकत बसेन.

हे पत्र कुठे पाठवायचं? काकू गेल्या, ते घरही दुसऱ्याचं झालं. सोमवारी त्याला वाचून दाखवेन म्हटलं होतं, पण तेही करणार नाही, कारण एक गोष्ट त्याला कळायला नको आहे. तुम्हाला सांगतो. हे सगळं लिहिताना मी तुमचा आवाज आठवायचा प्रयत्न करत होतो, खरा, तुमचा. येत नाही. कधी गेला तेही कळलं नाही. माझ्या कानात जे "बोल की" आहे, ते घसा खाकरून, मान तिरकी करून तो म्हणायचा, ते आहे.